उत्तर ११०, पण कारण?

आठवीच्या गणितात ‘समांतर रेषा व छेदिका’ हे प्रकरण दुसरं आहे, त्यामुळे ते ऐन पावसाळ्यात येतं. मोजे वाळलेले नसतात, निम्म्या वह्यांना कव्हरं घालायची राहिलेली असतात आणि पहिल्या प्रकरणातल्या परिमेय-अपरिमेय संख्यांपुढे घरातल्या मोठ्या माणसांनी आधीच हात टेकलेले असतात. अशात वहीत दोन आडव्या रेषा आणि त्यांना छेदणारी एक तिरपी रेषा दिसते, आणि बाप म्हणतो, “हे सोपं आहे, आण इकडे.” मराठी घरांत यापेक्षा धोकादायक वाक्य मी तरी ऐकलेलं नाही.

कारण प्रकरण खरोखर सोपं आहे. दोन रेषा, एक छेदिका, आठ कोन. रेषा समांतर असतील तर आठ कोनांची मापं मिळून दोनच. एक ७०° असला तर चार कोन ७०° चे आणि चार ११०° चे. आकृतीकडे बघून जो निमुळता तो ७०°, जो ऐसपैस तो ११०°. पाचवीतल्या धाकट्यालाही हे कळतं, आणि तो ते मागून ओरडून सांगतोही. गाडी अडते ती पुढच्या शब्दावर. प्रश्नाखाली लिहिलेलं असतं, ‘कारण लिहा’.

आता कारण म्हणून ‘दिसतंय की’ चालत नाही. तिथे नाव लागतं, आणि इथली नावं कोणी ठेवली ते मला माहीत नाही, पण बारशाला घुगऱ्या मिळाल्या नसाव्यात. छेदिका हे नाव पुराणातल्या राक्षसिणीला शोभेल. ‘संगत कोन’ म्हटलं की आजी स्वयंपाकघरातून विचारते, “कोणाची संगत?” आणि व्युत्क्रम! वि अधिक उत्क्रम, म्हणजे उलटा क्रम. अर्थ चांगला आहे. पण उत्तरपत्रिकेत तो व्युक्रम, व्युत्कर्म, व्यत्क्रम अशी सोंगं घेऊन येतो. प्रमेय येतं, शब्द येत नाही. त्याला पुढे ‘आंतर’ किंवा ‘बाह्य’ जोडलं की अर्धी ओळ संपते.

ही नावं पाठ करायचा प्रयत्न करू नये. चालून बघावीत. पुण्यातला बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता समांतर आहेत असं समजा. (काटेकोर नाहीत. पुणेकराने पत्र लिहायची तसदी घेऊ नये.) लक्ष्मी रस्ता दोघांना छेदतो, ती आपली छेदिका. बाजीराव रस्ता पश्चिमेला, शिवाजी रस्ता पूर्वेला. दोन चौक, प्रत्येकी चार कोपरे, झाले आठ. तुम्ही बाजीराव रस्त्याच्या चौकात ईशान्य कोपऱ्यावर उभे आहात. तिथून लक्ष्मी रस्त्याच्या त्याच फुटपाथने पूर्वेकडे निघालात आणि शिवाजी रस्ता ओलांडायच्या आधी थांबलात, तर जिथून निघालात आणि जिथे थांबलात ते दोन कोपरे म्हणजे आंतरकोन. तसंच पुढे जाऊन शिवाजी रस्ता ओलांडलात, तर पुन्हा ईशान्य कोपराच आला. हे संगत कोन. आणि शिवाजी रस्ता न ओलांडता मधेच लक्ष्मी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथला गेलात, तर नैर्ऋत्य कोपऱ्यावर पोचलात; हे आंतरव्युत्क्रम. बाह्यव्युत्क्रमासाठी सुरुवात वायव्येला करून तिन्ही रस्ते ओलांडत शिवाजी रस्त्याच्या आग्नेय कोपऱ्यावर जावं लागतं. गणपतीच्या दिवसांत ही जोडी सोडून द्यावी.

या मोजणीत संगत कोनांच्या चार जोड्या निघतात, आंतरव्युत्क्रमाच्या दोन, बाह्यव्युत्क्रमाच्या दोन आणि आंतरकोनांच्या दोन. पहिल्या तिन्ही प्रकारांत कोन समान. फक्त आंतरकोनांचं गणित निराळं: ते दोघे मिळून १८०°. एका घरातल्या दोन जावांसारखं, एकीचं जेवढं वाढलं तेवढं दुसरीचं कमी. बहुतेक गुण इथेच जातात, कारण ‘समान, समान, समान’ या तालावर पेन चालू असतं आणि चौथ्यालाही समान लिहून मोकळं होतं.

आणखी एक मेख अशी, की ही नावं रेषा समांतर नसल्या तरी लागू असतात. दोन वाकड्यातिकड्या रेषांना छेदिकेने छेदलं तरी संगत कोन असतातच, फक्त समान नसतात. नाव जागेवरून पडतं, मापावरून नाही. हे एक वाक्य मुलाला समजलं तर निम्मं प्रकरण झालं असं माझं मत आहे. पुस्तकांत ते एका ओळीत येतं आणि जातं.

भाषेचा घोळ वेगळाच. सेमी इंग्लिशच्या घरात संवाद साधारण असा होतो:

“बाबा, ट्रान्सव्हर्सल म्हणजे काय हो?”

“अगं, छेदिका.”

“छेदिका म्हणजे?”

“तुमचं ते ट्रान्सव्हर्सल.”

मग मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावतात. तिथले गुरुजी छान शिकवतात, पण हिंदीत छेदिका ही ‘तिर्यक रेखा’ असते आणि आपले व्युत्क्रम कोन ‘एकांतर’ असतात. व्युत्क्रम हा शब्द हिंदीतही आहे, पण तो अपूर्णांक उलटा करताना वापरतात, ज्याला आपण गुणाकार व्यस्त म्हणतो. सर्वांत घातकी शब्द ‘पूरक’. मराठीत पूरक कोनांची बेरीज १८०° आणि ९०° वाल्यांना कोटिकोन म्हणतात. हिंदीत पूरक म्हणजे ९०° आणि १८०° वाले संपूरक. मूल रात्री व्हिडिओ बघून झोपतं आणि सकाळी चाचणीत पूरक कोनांसाठी ९० मधून वजाबाकी करतं. दोघेही बरोबर, फक्त हद्द ओलांडली गेलेली.

आता कंपासपेटी. समांतर रेषा काढायची रीत सरळ आहे. गुण्याची एक कड रेषेला लावायची, दुसऱ्या कडेला पट्टी टेकवायची, पट्टी दाबून धरायची, गुण्या तिच्यावरून सरकवायचा आणि पहिल्याच कडेने नवी रेष ओढायची. घोटाळा हाताचा होतो. उजव्या हातात पेन्सिल, त्यामुळे गुण्या आणि पट्टी दोन्ही डाव्या हाताने धरायच्या. अंगठा पट्टीवर, दोन बोटं गुण्यावर, आणि ऐन रेष ओढताना पट्टी हळूच मान वळवते. दुरेघी वही घरात असेल तर हा व्याप करूच नये. तिच्यात समांतर रेषा छापूनच येतात, तिरकी पट्टी ठेवली की आठ कोन तयार. त्यातला एक निमुळता कात्रीने कापून बाकीच्या सातांवर ठेवून बघितला तर तिघांवर तंतोतंत बसतो आणि चौघांना अपुरा पडतो. पाच मिनिटांत सगळं प्रकरण टेबलावर.

कोनमापकाच्या दोन खोड्या. त्याची शून्याची रेघ प्लास्टिकच्या खालच्या कडेवर नसते, काही मिलिमीटर वर असते. मुलं कडच रेषेवर ठेवतात. आणि त्याला दोन मापपट्ट्या असतात, एक डावीकडून वाढणारी, दुसरी उजवीकडून. चुकीची वाचली तर ७० च्या जागी ११० मिळतात. इतर कुठल्याही उपकरणाची चूक विचित्र आकडा दाखवते आणि पकडली जाते. इथे चुकीचा आकडाही शेजारच्या कोनाचा खरा आकडा असतो, त्यामुळे तो मानाने वहीत बसतो आणि पुढची सातही उत्तरं आपल्यासारखी करून टाकतो. मोजायच्या आधी कोन लघु की विशाल हे तोंडाने म्हणायचं, एवढाच यावर उपाय.

पट्टी सरकल्याची परीक्षा सोपी आहे. दोन संगत कोन मोजा. एक ६२° आणि दुसरा ६५° आला, तर रेषा ३° ने कललेल्या आहेत. त्यांच्यात ४ सेंमी अंतर असेल तर त्या साधारण ७६ सेंमीवर जाऊन भेटणार, म्हणजे वहीत समांतर आणि शेजारच्या बाकावर गाठभेट. कुठल्या बाजूला भेटणार? ज्या बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी, त्या बाजूला.

हे शेवटचं वाक्य म्हणजे ग्रीक गणिती युक्लिडचं पाचवं गृहीतक, म्हणजे सिद्ध न करता मानून घेतलेलं विधान. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराला त्याने ते मांडलं आणि त्यालाच ते फारसं आवडलं नसावं, कारण पहिली २८ साध्यं (सिद्ध करायची विधानं) त्याने त्याच्याशिवाय उरकली आणि २९ व्यात नाइलाजाने त्याला हात लावला. पुढे दोन हजार वर्षं मोठमोठी माणसं ते इतर गृहीतकांवरून सिद्ध करायला धडपडली. १७३३ साली साकेरी या इटालियन जेझुइटाने तर युक्लिडवरचे सगळे डाग धुऊन काढल्याचं पुस्तकच छापलं. डाग निघाला नव्हता. १८२९ मध्ये रशियातल्या लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ मध्ये हंगेरीतल्या बोल्यायने ते गृहीतक सोडून देऊनही भूमिती उभी करून दाखवली, तेव्हा कुठे सिद्धतेचा हट्ट सुटू लागला. आणि आपण बाराव्या-तेराव्या वर्षाच्या मुलावर डाफरतो, “एवढं साधं कळत नाही?”

युक्लिडच्या या नाइलाजातच मुलांच्या सर्वांत मोठ्या गोंधळाचं मूळ आहे. प्रकरणात प्रत्येक गोष्ट दोनदा येते, एकदा ‘गुणधर्म’ म्हणून आणि एकदा ‘कसोटी’ म्हणून. रेषा समांतर आहेत, म्हणून कोन समान, हा गुणधर्म. कोन समान आहेत, म्हणून रेषा समांतर, ही कसोटी. मुलांना वाटतं, काय फरक पडतो, तीच वाक्यं उलटसुलट. युक्लिडला फरक पडला होता: कसोट्या २७ व्या आणि २८ व्या साध्यात पाचव्या गृहीतकाविना निघाल्या, गुणधर्माला २९ व्यात ते लागलं. उत्तरपत्रिकेत हा फरक असा दिसतो: ‘रेषा एल आणि रेषा एम समांतर आहेत हे सिद्ध करा’, आणि सिद्धतेची पहिली ओळ, ‘रेषा एल आणि एम समांतर आहेत, म्हणून संगत कोन समान’. चार ओळींनंतर विजयी मुद्रेने, ‘म्हणून रेषा समांतर आहेत’. आपणच फिर्यादी, आपणच साक्षीदार. यासाठी पक्ष आणि साध्य वेगळे लिहायला लावतात. पक्ष म्हणजे दिलेली माहिती, आणि राजकारणातल्यासारखा तो मध्येच बदलता येत नाही.

मग बीजगणित आत शिरतं. दोन कोन (३ एक्स + २०)° आणि (५ एक्स − ४०)°. संगत असले तर समान मांडायचे, एक्स येतो ३० आणि दोन्ही कोन ११०°. आंतरकोन असले तर बेरीज १८० मांडायची, एक्स येतो २५ आणि कोन ९५° व ८५°. दोन्ही वेळा आकडा गोंडस, अपूर्णांक नाही, उणे नाही. चूक झाली तरी बेल वाजत नाही. म्हणून मी म्हणेन, एक्सला हात लावायच्या आधी आकृतीच्या कडेला नाव लिहा: संगत की आंतर. ते लिहायला तीन सेकंद लागतात आणि मुलं नेमके तेच तीन सेकंद वाचवतात.

शेवटी एक खास उदाहरण, ज्यात छेदिका सरळ जातच नाही. वरच्या रेषेवरून निघते, मधे कोपरासारखी मोडते आणि खालच्या रेषेला लागते. मोडलेल्या छेदिकेने कोपराच्या बाजूला वरच्या रेषेशी केलेला लघुकोन ४०°, खालच्या रेषेशी केलेला ३५°. कोपराचा कोन किती? इथे घरात शांतता पसरते. बाप चष्मा काढून पुसतो. आई म्हणते, क्लासच्या सरांना विचार. तोडगा एका रेषेचा आहे: कोपरातून तिसरी समांतर रेषा काढायची. मग वरचा ४०° आणि खालचा ३५° हे दोन्ही आंतरव्युत्क्रमाने त्या रेषेच्या वर आणि खाली येऊन बसतात, बेरीज ७५°. ताळा हवा असेल तर लघुकोनांऐवजी पलीकडचे १४०° आणि १४५° घ्या. कोपराचा ७५° मिळवला की बरोबर ३६०°. आकृतीत नसलेली रेषा आपण होऊन काढायची परवानगी आहे, तिला ‘रचना’ म्हणतात आणि ती तुटक रेघेने काढतात, हे बहुतेक मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. ती दिलेल्या आकृतीकडे इमानदारीने अर्धा तास बघत बसतात.

या सगळ्यात एकच शहाणी छेदिका आहे, समांतर रेषांना काटकोनात छेदणारी. आठही कोन ९०°. संगत घ्या, व्युत्क्रम घ्या, समान म्हणा की बेरीज १८० म्हणा, कुठूनही गेलं तरी उत्तर तेच. तरी वही तपासून येते तेव्हा ९०° वर बरोबरची खूण असते, आणि शेजारच्या कंसात लिहिलेल्या ‘व्युक्रम’ शब्दाभोवती लाल गोल.