‘फुकटचा माल नेटवरून ओढून विकतात’ या १ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार शेठजी,

तुमचा रिव्ह्यू वाचला. सोयाबीनची आवक जोरात असताना आमचं आडतीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर बसवण्यात तुमची अख्खी संध्याकाळ गेली, मुनीमजींना पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) हातानं लिहाव्या लागल्या, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. शेतकरी पट्टीसाठी ओट्यावर खोळंबलेला असला की आडत्याच्या जिवाची काय घालमेल होते ते मला ठाऊक आहे, माझ्या वडिलांची हयात मोंढ्यात तोलाई करण्यात गेली.

तुम्ही लिहिलंय की दोन तास काळ्या खिडकीत नुसत्या इंग्रजी ओळी पळत होत्या, हॉटस्पॉटचा सगळा डेटा उडाला, आधीचा पोरगा पेनड्राइव्हवरून पाच मिनिटांत सॉफ्टवेअर टाकून द्यायचा, आणि आम्ही ‘फुकटचा माल नेटवरून ओढून गिऱ्हाईकाला विकतो’. वेळेबद्दलची बोलणी मी ऐकून घेतो. ‘फुकटचा माल’ मात्र जिव्हारी लागलं. उद्या औशाचा, निलंग्याचा, अहमदपूरचा आडत्या आमचं नाव शोधेल तेव्हा त्याला पहिलं हेच वाक्य दिसणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचा प्रोग्राम पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे. वजन, भाव, आडत, हमाली, तोलाई, उचल वजा करून पट्टी काढणं, शेतकऱ्याचं खातं, खरेदीदाराची उधारी, हे सगळं आम्ही इथं लातुरात बसून लिहिलंय. पण पडद्यावर खिडक्या-बटणं दाखवणं, एक्सेलची फाईल बनवणं, जोडाक्षरं न मोडता मराठीत छापणं यासाठी जगभरच्या लोकांनी पॅकेजेस, म्हणजे कोडचे तयार गठ्ठे, लिहून पायपीआय या सार्वजनिक साठ्यावर ठेवली आहेत. बहुतेक पायथॉनवाले, मोठ्या कंपन्यासुद्धा, तिथूनच घेतात. आम्ही वापरतो त्या पॅकेजेसची लायसन्सं धंद्यात वापरायला परवानगी देतात, अटी पाळून. कुणाचं काय वापरलंय ते प्रोग्रामच्या ‘माहिती’ मेनूत नावानिशी दिलंय, कुणीही उघडून बघावं. त्या पॅकेजेसचा एक रुपयाही तुमच्या बिलात नाही. बिलावर दोनच रकमा आहेत: आमच्या प्रोग्रामची आणि वर्षाच्या सपोर्टची.

आता सपोर्ट कशाचा, तर त्या काळ्या खिडकीचाच. प्रोग्रामसोबत आम्ही एक यादी देतो. कोणतं पॅकेज लागतं, आणि नेमकी कोणती आवृत्ती लागते. पिप नावाचं साधन ती यादी वाचतं, एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, ते सगळं शोधून आणतं आणि आमच्या प्रोग्रामपुरत्या वेगळ्या खोलीत बसवतं, म्हणजे तुमच्या मशीनवरच्या बाकी कुठल्या सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही. यादीत प्रत्येक फाईलचा हॅशही, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, लिहिलेला असतो. वाटेत एका अक्षराचा जरी फरक पडला तरी पिप ती फाईल नाकारतं. तुमचा सगळा हिशोब ज्या मशीनवर आहे त्यावर नेटवरून काहीही येऊन बसू नये, यासाठी ही खटपट.

नुसती नावं लिहून भागत नाही. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची २.० आवृत्ती आली. ज्यांनी यादीत फक्त ‘नमपाय’ लिहून सोडलं होतं त्यांच्या नव्या मशीनवर आपोआप २.० उतरलं, आणि त्यावर विसंबलेलं, तक्ते हाताळणारं पांडाज हे पॅकेज जुनं असेल तर उघडेना. ‘नमपाय डीटाइप साइज चेंज्ड’ असा एरर यायचा. कोडमध्ये कुणी एक ओळ बदलली नव्हती, तरी चालता प्रोग्राम बंद. आमच्या यादीत आवृत्त्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे आमच्या एकाही आडत्याची पट्टी अडली नाही. नवी आवृत्ती आली की आधी आम्ही आमच्याकडच्या मशीनवर टाकतो, पट्ट्या काढून जुन्याशी ताडून बघतो, मगच यादी बदलतो. या मेहनतीचे पैसे घेतो शेठजी, आणि ते घेताना मान खाली घालावी असं मला वाटत नाही.

पेनड्राइव्हचं सांगतो. एका मशीनवरचं फोल्डर उचलून दुसऱ्यावर टाकायला पाच मिनिटं लागतात हे खरं. पण त्या दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या) फाईली नसल्या की ‘व्हीसीरनटाइम १४० डॉट डीएलएल’ सापडत नाही म्हणून चौकोन येतो आणि गाडी तिथंच थांबते. मशीन विंडोज ७ चं असेल तर पायथॉन ३.९ आणि त्यापुढचं त्यावर चालतच नाही. सगळं एकाच सेटअप फाईलमध्ये कोंबून देणंही आम्ही करून पाहिलंय. अँटिव्हायरस अशा फाईलीला बरेचदा व्हायरस समजतो आणि न विचारता उडवतो. सकाळी आडतीवर मशीन चालू करावं आणि प्रोग्रामच गायब, ही वेळ कुणावर येऊ नये म्हणून आम्ही यादीचा रस्ता धरला.

त्या संध्याकाळचंही लिहिणं भाग आहे. आमचं सगळं सामान मिळून चारशे एमबीच्या आत आहे. हॉटस्पॉट ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे या नेटचा डेटा मोजका आहे हे विंडोजला कळेल, असं आमच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं, कारण ते केलं नाही तर विंडोज स्वतःचे अपडेट त्याच नेटवरून उतरवत बसतं. तुमच्या मशीनवर तेच झालेलं दिसलं. शिवाय मुनीमजींनी ‘काय होऊलालंय काही कळंना’ म्हणून ती खिडकी मध्येच बंद केली. अर्धवट उतरलेली फाईल मग पहिल्यापासून उतरवावी लागते. मुनीमजींवर माझा काडीचा राग नाही, नवं मशीन, दारात गर्दी, कुणीही गोंधळेल. पण हे काम मोंढ्याच्या सुट्टीच्या दिवशी करू असं आम्ही आधी दोनदा सुचवलं होतं, आजच टाका हा आग्रह तुमचा होता. रिव्ह्यूमध्ये तेवढं आलं असतं तर बरं वाटलं असतं.

सगळी पॅकेजेस आधीच उतरवून पेनड्राइव्हवर न्यायची आणि नेट न लावता पिपनं तिथूनच बसवायची, अशी सोय असते. नेट कमजोर असलेल्या आडतींसाठी ती लवकरच सुरू करतोय. काळ्या खिडकीत मराठीत काहीतरी दिसावं, निदान किती काम उरलंय तेवढं तरी कळावं, याचंही बघतो.

आमचं दुकान लहान आहे. तीन पोरं कामाला आहेत, तिघंही इथलीच, पुण्याला न जाता थांबलेली. सीझनमध्ये आलेलं एक वाईट वाक्य पुढच्या सीझनपर्यंत आम्हाला पुरतं.

येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी स्वतः उदगीरला येतो. मागच्या वर्षीची खाती नव्या मशीनवर चढवायची राहिली आहेत, तेही करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मुनीमजींना तेवढं अर्धा तास मोकळं ठेवा. स्टार एकच ठेवायचा असेल तर ठेवा, ‘फुकटचा माल’ एवढं मात्र काढून टाका, ही हात जोडून विनंती.

आपला,
प्रोप्रायटर, लातूर