अवजल म्हणू नका त्याला

परवा मामाकडे गेले होते. चिपळूण तालुक्यातलीच वाडी, पण डोंगरावर. अंगणात निळी पिंपं ओळीने मांडलेली, टँकरची वाट बघत. मामीने तांदूळ धुतले, ते पाणी भांडी विसळायला ठेवलं, भांड्यांचं पाणी अबोलीच्या मुळाशी ओतलं. "आज तरी येतोय काय बघू, बाय," म्हणाली.

सड्याच्या टोकाला उभं राहिलं की खाली वाशिष्ठी दिसते. मे महिना, आणि नदी वाहतेय!

ते पाणी कोयनेचं. कोयना मूळची घाटावरची. महाबळेश्वरला उगम पावते, हेळवाकपाशी वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिला अडवून १०५ टीएमसीचा, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचा, शिवसागर जलाशय झाला. त्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं. दीड हजार फुटांच्या आसपास खाली येताना ते पोफळीला जनित्रं फिरवतं, पुढे कोळकेवाडीला अडवून त्याच पाण्यावर पुन्हा वीज. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. संध्याकाळी राज्यभर दिवे लागले की कोयनेचे संच काही मिनिटांत सुरू होतात, कोळशावरच्या संचांना ते जमत नाही. कोयनेचं हे मोल मी मनापासून मानते. ज्यांची गावं शिवसागराखाली गेली आणि जे अजून जमिनीसाठी झगडतायत, त्यांचे उपकार तर फिटायचेच नाहीत.

सांगली-साताऱ्याची माणसं म्हणतात, पाणी पूर्वेला सोडा, आमची शेती जगू दे. त्यांचंही खरं आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे.

पण वीज की शेती या भांडणात मामीच्या पिंपाचं नाव कुणी घेत नाही. वीज झाली की वाशिष्ठीत सुटणाऱ्या त्या पाण्याला सरकारी कागदावर म्हणतात 'अवजल'. म्हणजे काम संपलेलं पाणी. मला हा शब्द सहन होत नाही. चिपळूण शहर हेच पाणी पितं. संच बंद राहिले की नदी उतरते आणि आमच्या नळाची धार बारीक होते. उरलेलं सगळं दाभोळला समुद्राला मिळतं.

साधा हिशेब करा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर चौदा लाख माणसांना वर्षभर पुरेल. अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली सोळा लाखांच्या आसपास होती. ६७.५ मधला फक्त एक!

उपसून वर चढवणं परवडत नाही, असं सांगतात. मग घाटावरच्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांत टप्प्याटप्प्याने पाणी चढतंच ना? चढायलाच हवं, ती तहान खरी आहे. आमची खोटी आहे का? हेच अवजल मुंबईला न्यायच्या गोष्टी किती वर्षं ऐकतोय. न्या, पण आधी या वाड्या आणि धनगरवाडे भिजवा. पाणी त्यांच्या पायथ्याशी वाहतंय.

टँकर साडेपाचला आला. मामीच्या वाट्याला दोन पिंपं. सातच्या सुमाराला खाली उतरले, पुलावर थांबले. पोफळीचे संच सुरू झाले असणार. नदी चढत होती.