उथळ खुब्याच्या रुग्णांबद्दलही लिहा
खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात सगळं म्हातारपणातल्या झिजेबद्दलच आहे. माझ्या धाकट्या बहिणीसारखे रुग्ण त्यातून सुटलेत. तिच्या खुब्याची वाटी, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात बसतो ती खोबण, जन्मापासूनच उथळ, म्हणून चाळिशीच्या आतच सांधा झिजला. अशा खुब्यात अनेकदा कृत्रिम वाटी धरून ठेवायला पुरेसं हाडच नसतं. मग बऱ्याचदा मांडीच्या हाडाचा कापून काढलेला गोळाच तिथे कलम म्हणून स्क्रूने बसवतात, आणि वाटीही लहान घ्यावी लागते. सांधा पूर्ण निखळून वर सरकला असेल तर काम आणखी नाजूक. तो एकदम खाली ओढता येत नाही. साधारण ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त पाय ताणला तर सायटिक नर्व्हला (कमरेतून पायात उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला) इजा होण्याची भीती असते, म्हणून मांडीचं हाड कापून थोडं आखूड करतात.

तेव्हा सर्जनना आधीच स्पष्ट विचारा, अशा खुब्यांचा अनुभव किती आहे? दोन्ही पायांच्या लांबीत किती फरक उरेल?

आणि तान्ह्या बाळांच्या घरी एक कळकळीची विनंती: पाय सरळ करून दुपट्यात करकचून बांधू नका, त्याने खुबा बिघडू शकतो.