साठ ते सत्तर

सासऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी आपली १९९७ सालची डिझेल गाडी कोरेगावहून साताऱ्याला आमच्या दारात आणून उभी केली आणि किल्ली लेकीच्या हातात दिली. गाडीच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढच्या साऱ्या प्रकरणात कंपनीचा काडीइतकाही दोष नव्हता. कोणाचा होता, ते ओघाने येईलच. गाडीची निगा मी मनापासून राखतो. गेल्या खंडेनवमीला तर खिडक्यांच्या ग्रिलचा उरलेला काळा रंग वाया जाऊ नये म्हणून गाडीच्या पोटाखाली उताणा पडून, हाताला लागेल त्या प्रत्येक लोखंडाला मी दोन हात रंग दिला होता.

दिवाळीनंतर गियर टाकताना मागून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. इंजिनाचा फिरकाव मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस झिजले होते. एका गॅरेजात ते बदलून घेतले, टकटक थांबली, आणि मार्गशीर्ष लागता लागता गाडी थरथरू लागली.

ही थरथर शिस्तीची होती. चाळीसला काही नाही, पन्नासला काही नाही. काटा साठवर गेला की सीटखालून गुरगुर वर चढत असे आणि सत्तर ओलांडताच निमूट मावळत असे. सत्तरच्या पुढे जावे तर गाडीचे वय आड येई, साठच्या आत राहावे तर मागचे ट्रक हॉर्न वाजवून जीव नकोसा करीत. त्यामुळे सातारा ते कराड हा सगळा प्रवास नेमका त्या दहाच्या पट्ट्यात होत असे. बहिणीसाठी घेतलेले कंदी पेढे कराडला पोचेपर्यंत एकमेकांत विलीन होत आणि डबा उघडल्यावर तिला एकच पेढा मिळे. शेजारी बसलेली सौभाग्यवती “अहो, पुढे बघा” असे म्हणे, ते मला चार तुकड्यांत ऐकू येई.

मग तज्ज्ञांची वारी सुरू झाली. टायरवाल्याने चारही चाके फिरवून पाहिली, रिमना शिशाचे तुकडे ठोकले, अलाइनमेंट करून दिले आणि आता लोण्यासारखी चालेल असे सांगितले. ती थरथरणाऱ्या लोण्यासारखी चालली. दुसऱ्याने इंजिनाच्या माउंटिंगची रबरे बसली असल्याचे सांगून ती बदलली. तिसऱ्याला पाट्यांचे बुश संशयास्पद वाटले. ज्याच्या दुकानात जे विकायला होते, तेच माझ्या गाडीत नेमके बिघडलेले निघत होते. क्रॉस बदलल्याची गोष्ट मी यांपैकी एकालाही सांगितली नाही, कारण नुकतीच दुरुस्त झालेली वस्तू बिघडलेली असूच शकत नाही, अशी माझी श्रद्धा होती.

शेवटी औद्योगिक वसाहतीमागच्या एका गल्लीत एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी बॉनेट उघडले नाही, हे पाहून मी थोडा निराश झालो. ते माझ्या शेजारी बसले, महामार्गावर पासष्टचा वेग धरायला लावला आणि उतार लागताच म्हणाले, “सर, आता न्यूट्रल करा.” मी केले. इंजिनाचा आवाज खाली आला, थरथर मात्र होती तशीच राहिली. “इंजिन न्हाई, क्लच न्हाई,” एवढेच बोलून त्यांनी गाडी परत फिरवायला सांगितली. गॅरेजात त्यांनी मागच्या अ‍ॅक्सलखाली स्टँड लावले, मागची दोन्ही चाके काढून बाजूला ठेवली, ड्रम नटांनी पक्के केले आणि गाडी गियरमध्ये पळवली. चाके भिंतीला टेकून शांत उभी होती आणि गाडी थरथरत होती. टायरवाल्याला दिलेले पैसे त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून गेले.

पुढचे त्यांनी पान्याने जमिनीवर आकृती काढून समजावले. ताशी साठला गाडी मिनिटाला हजार मीटर जाते; माझ्या गाडीचे चाक तेवढ्यात सुमारे साडेचारशे फेरे घेते आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमधल्या गियरच्या दात्यांचे प्रमाण साधारण चारास एक असल्याने शाफ्ट अठराशेच्या आसपास. क्रॉसचा सांधा तिरका फिरला की पुढच्या भागाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, एका रेषेत असतील, तर एका सांध्याने घातलेला घोळ दुसरा सांधा निस्तरतो. शाफ्टचे दोन भाग एकमेकांत बसवणारा मधला दातेरी सरकता जोड काढून एखाद-दोन दाते चुकवून बसवला, तर निस्तरणे राहते बाजूला आणि दोघे मिळून गोंधळ घालतात. (काही संसारांची मला आठवण झाली, पण सौभाग्यवती समोरच्या बाकावर बसली होती.)

“पण दाते चुकू नयेत म्हणून दोन्हीकडं बाणाची खूण असती,” असे म्हणत त्यांनी शाफ्ट उतरवला, पत्र्याने खरवडला, आणि काळ्या रंगाच्या जाड थराखालून आधी एक बाण आणि मग बऱ्याच अंतरावर दुसरा बाण वर आला. क्रॉस बदलणाऱ्याला बिचाऱ्याला खूण दिसलीच नव्हती. मिस्त्रींनी बाणासमोर बाण आणला, जोडात ग्रीस भरले, अर्ध्या तासात शाफ्ट चढवला आणि हात पुसत विचारले, “ह्यो रंग कुनी फासलाय?”

“आधीच्या मालकांनी,” मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो.

त्यानंतर मिस्त्रींनी आधीच्या मालकांच्या अकलेचा जो पंचनामा केला, तो फार सविस्तर होता. घरात रंगवायला भिंती नव्हत्या का, इथपासून तो सुरू झाला आणि असल्या माणसाला परवाना कोणी दिला, इथे संपला. मी अधूनमधून मान डोलावत होतो. बाकावरून मात्र काहीच आवाज आला नाही.

परतताना मी महामार्गावर काटा साठवर नेला, पासष्टवर नेला, सत्तरला टेकवला. सीट स्तब्ध होती, आरसा स्तब्ध होता.

“अहो, गाडी माहुलीच्या पुलाकडे घ्या,” सौभाग्यवती म्हणाली, “कोरेगावला जाऊ. मिस्त्री काय काय म्हणाले ते बाबांना तुमच्याच तोंडून ऐकू दे.”

हे वाक्य मला अखंड ऐकू आले.