डबल बेसची खरखर

डबल बेसचा कोणताही आजार प्रथम खरखरीच्या रूपाने प्रकट होतो, आणि ती खरखर नेमकी कुठून येते एवढे सोडून बाकी सगळे काही सांगते. वाद्य व्हायोलिनच्या कुळातले, माणसाहून उंच, आतून पोकळ आणि लाकडाच्या कित्येक तुकड्यांना सरसाने चिकटवून उभे केलेले. त्यामुळे तळाशी सुटलेला सांधा वरच्या टोकाला, थेट वादकाच्या कानाजवळ वाजल्याचा भास होणे हा तिथला शिरस्ताच आहे. वादक बिचारा खुंट्या आवळत बसतो आणि दुखणे भलतीकडेच असते. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण ज्याने काढली, त्याच्या घरात डबल बेस असला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझ्या बेसला खरखरीने गाठले ते चार तारांपैकी ए या सुराच्या तारेवर. ही तार मोकळी छेडली की सेकंदाला 55 कंपने होतात, आणि तेवढ्यात आतून कुठून तरी ‘झर्र’ असा आवाज येई. तीच तार बोटाने दाबून बी-फ्लॅट हा लगतचा वरचा सूर वाजवला की चिडीचूप. पुन्हा ए, पुन्हा झर्र. सैल झालेल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते आणि ती वाजेपर्यंत तो निमूट बसून राहतो, हे यामागचे साधे भौतिकशास्त्र. व्यवहारात मात्र त्याचा परिणाम असा होतो की, बिघाड ऐकायला मोठ्या अगत्याने बोलावलेला माणूस उरलेल्या तीन तारा वाजवतो, ‘‘छान तर आहे!’’ म्हणतो, चहा पितो आणि निघून जातो.

निदानाचा पहिला नियम असा की, वाद्यावर आळ घेण्यापूर्वी खोली तपासावी. खिडकीची काच, नोटेशनचा स्टँड, दिव्याची शेड, कपाटाला लटकलेली किल्ली, यांपैकी कोणालाही 55 कंपनांचा मोह पडू शकतो. मी एकेक वस्तू बाहेर काढत गेलो आणि शेवटी खोलीत बेस आणि मी असे दोघेच उरलो, तेव्हा संशय माझ्या शर्टावर आला. कारण बेसची पाठ वादकाच्या पोटाला टेकलेली असते आणि एखादे बटण मागच्या फळीवर सुखाने वाजत राहते. बटणे निर्दोष सुटली.

मग धातूच्या भागांची पाळी आली. खुंट्यांच्या दातेरी चाकांचे स्क्रू, घोडी वरखाली करण्यासाठी तिच्या पायांत बसवलेल्या चकत्या, तारांची खालची टोके धरणारा टेलपीस अडकवणारी जाड तार, जमिनीवर टेकणारा दांडा आणि तो आवळणारा स्क्रू, हे सगळे एकेक करून दाबून धरायचे आणि त्याच वेळी ए तार छेडायची. या परीक्षेला एक हात दाबायला, एक छेडायला आणि एक बेस पडू नये म्हणून, असे किमान तीन हात लागतात. तिसऱ्या हातासाठी मी सौभाग्यवतींना विनंती केली.

‘‘अहो, इथे धरू का?’’

‘‘नाही, जरा खाली. हां, तिथेच. बघ, थांबली खरखर!’’

‘‘मी अजून हात लावलेला नाही.’’

घरगुती चौकशी इथे संपली आणि मी जाणकारांकडे वळलो. बेसवादकांचे एकमेकांशी सुरांबाबत एकमत होत नाही, पण निदानाबाबत ते क्षणात होते: ‘‘साउंडपोस्ट असणार.’’ हा साउंडपोस्ट म्हणजे घोडीच्या जी तारेकडील पायाच्या किंचित मागे, पेटाऱ्याच्या आत, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये उभा असलेला, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा गोल दांडा. त्याला सरस नाही, खिळा नाही, खोबण नाही; नेमक्या लांबीवर आणि तारांच्या दाबावर तो उभा राहतो. चार पोलादी तारांचा एकत्रित ताण 100 किलोंहून अधिक भरतो, त्यातला भरभक्कम वाटा घोडीच्या दोन पायांतून खाली उतरतो, आणि तो पेलणारी स्प्रूसची फळी मध्यभागी सात-आठ मिलिमीटर जाड असते. एका पायाखाली हा दांडा, दुसऱ्या पायाखाली आतून चिकटवलेली लांबलचक बेस बारची पट्टी, एवढ्याच भरवशावर हा सारा संसार चाललेला असतो. म्हणून चारही तारा एकदम काढू नयेत असे प्रत्येक बेसवादकाला बजावलेले असते. दाब गेला की दांडा आडवा होतो, आतल्या आत गडगडतो, आणि मग तो परत उभा होईपर्यंत तारा ताणल्या तर फळी खचण्याची भीती.

अशा नाजूक जागी असल्यामुळे साउंडपोस्ट एक मिलिमीटर सरकला तरी आवाज बदलतो, आणि आवाज बदलला की सांगणाऱ्याला आपले निदान बरोबर ठरल्याचे समाधान मिळते. मूळ खरखर जिथल्या तिथे असते, हा भाग वेगळा. माझ्या मते साउंडपोस्टवर संशय घेणे हे सर्वांत स्वस्त निदान आहे, आणि त्याला हात लावणे ही सर्वांत महाग दुरुस्ती ठरू शकते. दांडा दोन फळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब झाला किंवा तिरका बसला तर त्याच्या टोकाशी फळीला चीर जाते. ही साउंडपोस्टची चीर बेसच्या आजारांतली राजरोग समजली जाते; तिच्यासाठी पुढची फळी अख्खी उघडून आतून लाकडाचे ठिगळ कोरून बसवावे लागते, आणि कारागीर त्या कामाचा खर्च सांगण्यापूर्वी ग्राहकाला बसायला खुर्ची देतो.

अखेर बेस घेऊन मी कारागिराकडे गेलो. गाडीत मागची सीट पाडून, पुढची सरकवून आणि स्वतः स्टिअरिंगवर जवळजवळ आडवे होऊन हा प्रवास कसा करतात, ते बेसवादकाला सांगायला नको आणि इतरांना सांगून पटणार नाही. कार्यशाळेत पोहोचून मी मोठ्या आत्मविश्वासाने ए तार छेडली, आणि बेसने इतका गोल, भरदार, निष्कलंक सूर दिला की, तिथे काम करणाऱ्या दोघांनी माना वर करून दाद दिली.

‘‘घरी फार खरखरतो हो,’’ मी म्हणालो.

‘‘इथे आल्यावर सगळेच शहाण्यासारखे वागतात,’’ कारागीर म्हणाले. ‘‘ठेवा तसाच. वाजवू नका, ठोकू आपण.’’

आणि त्यांनी तर्जनीच्या पेराने फळीच्या कडेकडेने ठोकायला सुरुवात केली. जिथे फळी आणि बाजूची बरगडी घट्ट चिकटलेली असते तिथे ‘टक्’ असा भरीव आवाज येतो; जिथे सांधा सुटलेला असतो तिथे तोच आवाज ढिला पडून ‘टप्’ असा फाटका येतो. खांद्यापासून खाली टक् टक् टक् करीत ते कमरेच्या बाकाशी आले, बाक ओलांडून आणखी वीतभर उतरले, आणि ‘टप्’. पुन्हा वर, पुन्हा खाली. त्याच जागी टप्. मग त्यांनी खोलीतले दिवे मालवले, एक चिमुकला विजेचा दिवा वायरीसकट एफच्या आकाराच्या छिद्रातून आत सोडला आणि मला जवळ बोलावले. बेसच्या काळ्या आकृतीच्या कडेला, फळी आणि बरगडीच्या मध्ये, बोटभर लांबीची केसासारखी बारीक पिवळी रेघ चमकत होती. इतके दिवस जिने मला खोलीतल्या किल्लीपासून शर्टाच्या बटणांपर्यंत फिरवले, ती हीच.

दुसऱ्या छिद्रातून मी आत डोकावलो. धुळीचे गोळे, हरवली म्हणून नवी घेतलेली पेन्सिल, आणि चिरांवर आडव्या चिकटवलेल्या लाकडी टिकल्या दिसल्या. ‘‘हा पूर्वी दोनदा तरी उघडलाय,’’ कारागीर म्हणाले. विक्रेत्याने मला हे वाद्य ‘अस्पर्श’ म्हणून दिले होते.

सुटलेल्या सांध्याचे निदान होणे ही आनंदाची बातमी आहे, हे त्यांनी मला समजावले, आणि ते समजायला मला थोडा वेळ लागला. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते, पण हे सगळे रेषांच्या आडव्या दिशेने; लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही. फळी रुंदीत आक्रसते, बरगड्या तिच्यासाठी जागा सोडत नाहीत, आणि मग काहीतरी सुटावेच लागते. पुढच्या फळीला सरस मुद्दाम पातळ करून लावतात, म्हणजे वेळ आली की सांधा उघडावा आणि फळी वाचावी. वाद्य उकलणे ही वाद्याची सोय आहे! गास्पारो दा सालो या इटालियन कारागिराने घडवलेला आणि पुढे द्रागोनेत्ती या विख्यात वादकाने वाजवलेला बेस आजही व्हेनिसमध्ये आहे. एवढी जुनी वाद्ये टिकली त्याचे एक कारण हेच की, उष्णता आणि पाणी दिले की सरस सुटतो आणि आत हात घालता येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ही कटकटच नको म्हणून ॲल्युमिनियमचे बेसही बनवले गेले. ते उकलत नाहीत, त्यांना पोचे पडतात.

‘‘मग मीच घरी चिकटवला असता तर?’’ मी विचारले.

‘‘कशाने?’’

मी एका झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे नाव घेतले. कारागिरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. त्या गोंदाचा सांधा पुढे उघडायचा झाला तर सांध्याऐवजी फळीच चिरते, हे त्यांनी मला अत्यंत सभ्य शब्दांत सांगितले; पण आवाजातली काळजी माझ्यापेक्षा माझ्या बेसबद्दल अधिक होती.

दुरुस्तीपूर्वी त्यांनी बाकीची तपासणीही उरकली. तळाशी तारांचा भार घेणारी एबनी या कठीण लाकडाची पट्टी फळीला दोन्ही बाजूंनी दाबत नाही ना, हे पाहिले, कारण फळी आक्रसते आणि एबनी जागची हलत नाही, मग तिच्या कोपऱ्यांपासून चिरा निघतात. माने-धडाच्या जोडावर बोट फिरवले. मागची फळी सपाट असल्यामुळे तिच्या आतल्या आडव्या पट्ट्या ठोकून ऐकल्या. प्रत्येक वेळी ते ‘‘हं’’ म्हणत, आणि त्या एकाक्षरातून माझ्या बँकेतल्या शिल्लकीचे भवितव्य ओळखण्याचा मी प्रयत्न करी.

प्रत्यक्ष दुरुस्ती मात्र पाहता पाहता झाली. गरम पाण्यात बुडवलेल्या पातळ पात्याने सांध्यातला जुना सरस धुऊन काढला. जागा कोरडी होऊ दिली. लाकूड किंचित शेकले. मग सुमारे 60 अंशांवर ठेवलेला नवा सरस पात्याने आत सारला आणि तो थिजायच्या आत फिरकीचे क्लॅम्प भराभर आवळले. सगळी घाई त्या मिनिटभराची, आणि नंतर रात्रभर कोणी हात लावायचा नाही. घोडीही त्यांनी जाता जाता सरळ केली. तारा लावताना ती दर वेळी थोडी फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटे ठेवायच्या पट्टीकडे, ओढली जाते आणि कालांतराने वाकते.

दुसऱ्या दिवशी ए तार स्वच्छ वाजली. मी उत्साहाने गज घेऊन जी तारेवर वरच्या सुरांकडे सरकलो, आणि जी-शार्पच्या आसपास वाद्य एकदम थरथरले, सूर धडपडला, अडखळला, ओरडला.

‘‘हे काय?’’

‘‘हा वुल्फ. पेटाऱ्याची स्वतःची कंपने आणि तारेची कंपने जवळ आली की भांडतात. हा आजार नव्हे, स्वभाव आहे.’’ त्यांनी घोडी आणि टेलपीस यांच्या मधल्या तारेच्या तुकड्यावर एक पितळी वजन बसवले, वरखाली सरकवले, ऐकले आणि स्क्रू आवळला. ‘‘आता गेला तो जी आणि जी-शार्पच्या बरोबर मध्ये. तिथे कोणी वाजवत नाही.’’

बेसच्या फिंगरबोर्डवर पडदे नसतात, आणि माझे बोट नेमके तिथेच पडते.