पाच वर्षं झाली, आता रेडिएशनचं काय घेऊन बसलात?

या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: लहानपणी कॅन्सरसाठी रेडिएशन झालं असेल तर काळजी सोडा. रेडिएशन तेव्हाच शरीराबाहेर गेलं. रक्तवाहिन्या दर काही वर्षांनी नव्या होतात. पाच वर्षं कॅन्सर उलटला नाही की तुम्ही चारचौघांसारखे. ईसीजी नॉर्मल असला की बाकीच्या तपासण्या म्हणजे नुसता खर्च. आणि व्हायचं ते टळत नाही, मग उकरून कशाला काढायचं?

लिहिणाऱ्याला धीर द्यायचा असावा. पण यातली बरीच वाक्यं अर्धवट खरी आहेत, आणि तीच जास्त फसवतात.

‘रेडिएशन शरीराबाहेर गेलं.’ गेलंच. बाहेरून दिलेले किरण मशीन बंद झालं की संपतात, अंगात काही उरत नाही. पण ऊन मावळलं म्हणून करपलेलं पान हिरवं होत नाही. धमनीच्या आतून पेशींचं जेमतेम एका थराचं अस्तर असतं. रक्ताची गुठळी होऊ न देणं, गरज पडेल तशी धमनी सैल करणं, ही कामं ते अस्तर करतं. किरणांनी या पेशींच्या डीएनएला इजा होते. त्या सावकाश विभागतात, त्यामुळे इजा लगेच दिसत नाही. मग वर्षानुवर्षं आत बारीक दाह धुमसत राहतो, भिंत जाड आणि ताठर होते, चरबी इतरांपेक्षा लवकर साचू लागते.

‘नव्या होतात’ हेही तसंच. अस्तराच्या पेशी बदलतात, पण त्यांची जागा घेणाऱ्या शेजारच्या पेशीही त्याच किरणांखाली होत्या. धमनीला लवचिक ठेवणारं इलास्टिन तर बहुतेक वाढीच्या वयातच तयार होतं, पुढे शरीर ते फारसं घडवत नाही. शिवाय किरण पडलेली धमनी मुलाबरोबर वाढेलच असं नाही. पोटावर शेक घेतलेल्या (रेडिएशनला शेक म्हणणारे बरेच आहेत) काही मुलांमध्ये महाधमनी किंवा मूत्रपिंडाची धमनी अरुंद राहते. ते कळतं ते तरुणपणीच चढलेल्या बीपीवरून.

आता ‘पाच वर्षं’. खरा घोळ इथे आहे. हा आकडा कॅन्सरचा हिशेब सांगतो. रक्तवाहिन्यांचा हिशेब तेव्हा कुठे सुरू होत असतो. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात १९७० ते १९८६ दरम्यान, वयाच्या २१ वर्षांच्या आत कॅन्सरचं निदान झालेल्या आणि पुढे किमान ५ वर्षं जगलेल्या १४,३५८ जणांची त्यांच्याच भावंडांशी तुलना केली. म्हणजे मेसेजच्या भाषेत हे सगळे ‘चारचौघांसारखे’. २००९ साली आलेले निष्कर्ष वेगळं सांगतात: हार्ट अटॅकची जोखीम भावंडांच्या सुमारे ५ पट. हृदयावर १५ ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेलं रेडिएशन मोजायचं माप) किंवा त्याहून जास्त डोस गेलेल्यांना हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, झडपांचे आजार यांची जोखीम रेडिएशन न घेतलेल्या रुग्णांपेक्षा २ ते ६ पट. निदानाला ३० वर्षं झाली तरी हा आलेख चढताच होता.

पट ऐकून घाबरू नका. तरुण भावंडाला हार्ट अटॅक येणं मुळात दुर्मिळ, त्यामुळे ५ पट झालं तरी बहुतेकांना तो येत नाही. शिवाय तेव्हाचे डोस मोठे होते. आज हॉजकिन्स लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरात) ते बरेच कमी झालेत, आणि ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, बहुतेक मुलांना डोक्यावर रेडिएशन देतच नाहीत. आणि एवढं सगळं वाचून कुणी ‘रेडिएशन घ्यायलाच नको होतं’ म्हणत असेल, तर तेही चूक. ते घेतलं म्हणून यातले कितीतरी जण आज हा हिशेब करायला हयात आहेत.

ईसीजीचं दोन ओळींत. रेडिएशननंतर हृदयाच्या धमन्या पुष्कळदा अगदी तोंडाशी, महाधमनीतून निघतात तिथेच अरुंद होतात. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी अशा वेळीही साफ येऊ शकतो. मानेतल्या किंवा मेंदूतल्या धमन्यांबद्दल तर तो काहीच सांगत नाही.

‘व्हायचं ते टळत नाही’ याचा मला सर्वांत राग येतो. २०१३ साली त्याच अभ्यासातून दिसलं, की छातीवर रेडिएशन झालेल्याला बीपीही असेल तर दोन्हींची एकत्र जोखीम साध्या बेरजेपेक्षा जास्त भरते. झालेलं रेडिएशन मागे घेता येत नाही, पण बीपी उतरवता येतं, सिगारेट सोडता येते, कोलेस्टेरॉल आणि साखर आटोक्यात ठेवता येते. म्हणजे औषधपाण्याचा उपयोग यांना इतरांहून जास्तच. छाती-मानेवर रेडिएशन झालं असेल तर बीपी एकदा तरी दोन्ही हातांवर मोजून घ्या. हाताकडे जाणारी धमनी अरुंद झाली असेल तर त्या हातावर आकडा फसवा, कमी येतो, आणि नर्स नेमकी त्याच हाताला पट्टा बांधत असेल तर खरं बीपी वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही.

राहिला खर्च. सरसकट सगळ्या तपासण्या कुणीच सांगत नाही. बीपी दर वर्षी. इको (हृदयाची सोनोग्राफी) किती वर्षांनी हे डोसवर आणि सोबत कोणती केमो झाली त्यावर ठरतं. त्यासाठी जुन्या फाइलमधली एक ओळ लागते: ‘मान व छाती, ३६ ग्रे, २० फ्रॅक्शन’ अशासारखी (फ्रॅक्शन म्हणजे डोस किती वेळा विभागून दिला ते). तिची झेरॉक्स नव्या डॉक्टरांना द्या, कारण तिशीतल्या माणसाकडे बघून लहानपणीचं रेडिएशन कुणाच्या डोक्यातही येत नाही. फाइल हरवली असेल तर आरशासमोर उभं राहून छातीवर, पोटावर गोंदलेले निळे-काळे ठिपके शोधा. तिळाएवढे असतात, अनेकांना ते तीळच वाटतात. मशीन दर वेळी त्याच जागी लागावं म्हणून ते काढलेले असतात. रेडिएशन साधारण कुठे पडलं याचा अंदाज डॉक्टरांना त्यांवरूनही येतो.