सेन्सर घरी पुसायचा की पुण्याला पाठवायचा? आधी घाण कोणती ते बघा

नमस्कार साहेब,

कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे लेन्समागचा फोटो टिपणारा भाग, घरी कसा साफ करावा या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लाखाच्या कॅमेऱ्यात काडी घालायला लोकांना शिकवणं बेजबाबदारपणाचं आहे, एफ/२२ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) अगदी बारीक करून, भिंतीचा फोटो काढून डाग शोधणं म्हणजे नसलेलं दुखणं उकरणं, आणि हे काम पुण्याला पाठवूनच करून घ्यावं, असं तुम्ही लिहिलंत. शिवाय सोलापूरजवळच्या बाळे इथल्या खंडोबाच्या यात्रेनंतर टॉर्च मारल्यावर सेन्सरवर पिवळा ठिपका दिसतो, त्याचं काय करायचं हेही विचारलंत. त्याकडे शेवटी येतो.

आधी लेखातली चूक कबूल करतो. ‘स्वॅबवर तीन थेंब टाका’ एवढंच लिहिलं होतं. (स्वॅब म्हणजे पुसायची चपटी काडी, थेंब सफाईच्या द्रवाचे.) तीन थेंब २४ मिलिमीटर रुंदीच्या, म्हणजे फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) स्वॅबला ठीक. एपीएस-सीच्या (लहान सेन्सरच्या) १६ मिलिमीटरच्या स्वॅबला दोन पुरे. तिसरा पडला की पातळ ओघळ काठाला साचतो आणि वाळल्यावर रेघ दिसते. ती बघून माणूस घाबरतो आणि जोर लावून पुसायला लागतो, म्हणजे भीती तुम्ही म्हणता तीच, फक्त तिचं कारण वेगळं.

आता एफ/२२. आपण पुसतो तो सेन्सर नसतोच, त्याच्या पुढची फिल्टरची काच असते. धूळ त्या काचेवर बसते आणि तिची सावली मागे पडते. समजा काच सेन्सरच्या दीड मिलिमीटर पुढे आहे. एफ/२.८ला, म्हणजे छिद्र मोठं असताना, एका बिंदूवर येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेपाशी साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असतो. ०.०५ मिलिमीटरचा कण त्यातला एक टक्काही प्रकाश अडवत नाही. एफ/८ला सातेक टक्के, एफ/१६ला चौथा हिस्सा, एफ/२२ला निम्मा. म्हणून हॉलमधल्या लग्नात, एफ/२.८ला, तुम्हाला काहीच दिसत नाही. तिथवर तुमचं बरोबर आहे.

पण तुम्ही व्हिडिओही करता. भर दुपारची वरात, शटर १/५० सेकंदाला बांधलेलं, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर बॅगेतच राहिलेला, मग अ‍ॅपर्चर आपोआप एफ/१६च्या पुढे जातं. कॅमेरा फिरतो, नवरदेव पुढे सरकतो, डाग मात्र आकाशात जागच्या जागी. फोटोतला डाग एडिटिंगमधल्या हील टूलने दोन सेकंदांत जातो, व्हिडिओतला असा सुटत नाही. नान्नजच्या माळावर पक्ष्यांमागे निरभ्र आभाळ घेणाऱ्यांचंही तेच.

स्वतः की पैसे देऊन, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कोण साफ करणार हे घाण कोणती आहे त्यावर ठरावं. सुटी धूळ घरचं काम. चिकटलेली धूळ हात बसला असेल तर घरचं, नाहीतर नाही. तेल, बुरशी, काचेखालचा कण, ओरखडा, पाण्याचा थेंब ही कामं तंत्रज्ञाची. निकॉन आणि कॅनन दोघांच्याही मॅन्युअलमध्ये ब्लोअरने स्वतः साफ करायची रीत छापलेली आहे. पुसायचं मात्र सेवा केंद्राकडे द्या असंच ते सांगतात. त्यामुळे वॉरंटीचा साधा हिशोब मनात ठेवा: स्वॅबने ओरखडा पाडला तर तो तुमच्याच खात्यावर.

सुटी धूळ म्हणजे आपल्याकडे बऱ्याचदा सूत. यंत्रमागाच्या भागात राहणाऱ्यांच्या फोटोत गोल ठिपक्यांऐवजी वळलेले केस दिसतात, ते कापसाचे तंतू. हे नव्वद टक्के वेळा नुसत्या हवेने जातात, असं मी छातीठोकपणे आकडा देऊन सांगणार नाही, पण हवा मारल्याशिवाय स्वॅबला हात लावायचाच नाही. ओरखडे बहुधा स्वॅबमुळे पडत नाहीत, स्वॅबखाली राहिलेल्या वाळूच्या कणामुळे पडतात. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा, रबरी ब्लोअर आधी बाहेर चार-पाच वेळा दाबून त्याच्या पोटातली धूळ काढा, मग माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) कडेबाहेरूनच हवा मारा. नळी आत घालू नका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा बारीक थेंब वाळून चिकटला की हवेचं काम पुसण्यावर जातं. डब्यातली दाबलेली हवाही नको, तिच्यातला द्रव काचेवर उडतो. आणि हो, सोलापुरी चादर जगात कितीही नावाजलेली असो, या कामाला टेबलावर अंथरू नका. टॉवेलही नको. उघडं सनमायकाचं टेबल, पंखा बंद.

डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर मेन्यूतून आरसा वर करून घ्या आणि बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. मध्येच बॅटरी संपली तर आरसा आणि शटरचा पडदा काडीवर येऊन पडतो. बल्ब मोड लावून बटण दाबून धरायचा, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवायचा, जुना जुगाड याच कारणाने वाईट. मिररलेसमध्ये (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत) काही बॉडी बंद केल्यावर पडदा मिटून घेतात. तिथे सेन्सर समजून पडद्यावर हवा मारू नका, त्याची पाती अगदी नाजूक असतात. ज्यांच्यात सेन्सर स्वतः हलून फोटो स्थिर करतो, तिथे पुसताना तो हाताखाली जरासा सरकल्यासारखा वाटेल. म्हणून जोर वाढवायचा नाही.

ओल्या सफाईला सोलापुरात वेळ महत्त्वाची. हे द्रव बऱ्याचदा मिथेनॉलचे, म्हणजे भराभर उडणाऱ्या अल्कोहोलचे. वैशाखात दुपारी स्वॅब दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत ते उडून जातं, मग निम्मी काच ओली पुसली जाते आणि निम्मी कोरडी घासली जाते. पहाटे करा. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ बसू द्या, हवेतली धूळ खाली बसते. थेंब टाकल्यावर पाच सेकंद थांबा. काडी जराशी वाकेल एवढाच दाब, एका काठापासून दुसऱ्यापर्यंत एका दमात. तिथे बाजू पालटून परत. स्वॅब फेकून द्या, किती स्वच्छ दिसला तरी. काचेच्या चौकटीबाहेर टेकवू नका, बाहेरच्या यंत्रणेचं वंगण ओढून आत याल. बाटलीचं झाकण लगेच लावा, हे द्रव हवेतलं पाणी शोषतं आणि मग रेघा सोडतं. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे, देवघरातल्या दिव्याजवळ हा उद्योग नको.

परत भिंतीचा फोटो: आयएसओ १००, एफ/२२, फोकस मुद्दाम बिघडवून, कॅमेरा थोडा हलवत. फोटोत डाग वर डावीकडे असेल तर सेन्सरकडे समोरून बघताना तो खाली डावीकडे सापडेल. वर-खाली उलटतं, डावं-उजवं नाही. तीन स्वॅबनंतरही डाग जागचा हलला नाही तर थांबा. चौथा स्वॅब फक्त हट्टासाठी असतो.

पैसे देतानाही डोळे उघडे असावेत. ठिपका फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो, फोटोत नाही, तर तो फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे आरशाच्या वरच्या पडद्यावर, आहे, सेन्सर सफाईचे पैसे वाया. (ती स्क्रीन पुसूही नका, चटकन चरे पडतात.) रंगीत चमकता ठिपका कुठल्याही अ‍ॅपर्चरला सारखाच दिसला तर तो पिक्सेलचा दोष, धूळ नव्हे. सफाई करून पुन्हापुन्हा एकाच कोपऱ्यात तेलाचे गोल ठिपके येत असतील तर घाण नव्हे, कॅमेराच बघायला द्या. निकॉनच्या २०१२च्या डी६००चं हेच झालं होतं, शेवटी २०१४मध्ये कंपनीने शटर फुकट बदलून दिलं. आणि पुण्याला अडीचशे किलोमीटर पाठवताय तर द्यायच्या आधीचा आणि आल्यानंतरचा एफ/२२चा फोटो मागा. नुसती हवा मारली की ओलं पुसलं, हेही विचारा.

आता तुमचा पिवळा ठिपका. भंडारा म्हणजे हळद, आणि हळदीचा रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो. ओला स्वॅब फिरवलात तर एका ठिपक्याचा काचभर पिवळा पट्टा होईल. ब्लोअरने जातो का ते बघा. नाही गेला तर माझा लेख बाजूला ठेवा, हुतात्मा एक्सप्रेस धरा, कॅमेरा तंत्रज्ञाच्या हातात द्या आणि हा डाग हळदीचा आहे हे त्याला आधीच सांगा.